बेंटोनाइटचा प्लग दोन बारला टिकला? मग आता तो फोडून बघ

आधी प्रश्न थोडक्यात लिहितो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांना पण कळेल. नाशिकलाच सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीने विचारलंय : "काका, आमचा प्रोजेक्ट आहे बंद पडलेल्या तेल-गॅसच्या विहिरी सिमेंटऐवजी बेंटोनाइट मातीने सील करण्याचा. ४ इंची पाइपमध्ये ३० सेंटिमीटरचा प्लग केला, नळाच्या पाण्यात दोन दिवस भिजू दिला, वरून हातपंपाने २ बार प्रेशर दिलं, एक तास टिकला. गाइड म्हणतात झालं, रिपोर्ट लिहा. एवढं पुरेसं आहे का? आणि नाशिकमध्ये तेलाची विहीरच नाही, तर हे इथे कशाला कामाचं असं पण सगळे विचारतात."

पुरेसं नाही. पण तू केलंयस ते वाया पण गेलेलं नाही, कारण तुझ्याच आकड्यांवरून पुढचं बरंच सांगता येतं. मी सत्तावीस वर्षं ड्रिलिंग मड (विहीर खोदताना आत फिरवतात तो चिखल) आणि सिमेंटिंगच्या कामात काढली, त्यातली बरीचशी गुजरातच्या फील्डवर. आता गंगापूर रोडला घरी बसलोय आणि अंबडला एका मित्राच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये जाऊन लुडबुड करतो. त्या लुडबुडीतून मातीच्या प्लगबद्दल जे हाताला लागलं ते लिहितो. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

पहिल्यांदा विहीर बंद करतात म्हणजे काय ते बघ. तेल संपलं म्हणून विहीर संपत नाही, ती जमिनीत हजार-दोन हजार मीटर खोल गेलेली लोखंडी नळी असते आणि खाली थोडा का होईना दाब शिल्लक असतोच. नीट बुच मारलं नाही तर दहा-वीस वर्षांनी ही नळी, म्हणजे केसिंग, गंजतं, खालचा गॅस वर येतो, खारं पाणी वरच्या गोड्या पाण्याच्या थरात घुसतं. मिथेन नुसता हवेत विरून जात नाही, शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो. अमेरिकेत तर मालकच उरला नाही अशा विहिरी इतक्या आहेत की २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात त्या बुजवायला ४७० कोटी डॉलर वेगळे काढावे लागले.

बुच म्हणून जगभर सिमेंट वापरतात, सवयीने आणि नियमाने. सिमेंट वाईट नाही, मी आयुष्यभर तेच ओतलंय. पण सिमेंट एकदा कडक झालं की झालं, त्याला नंतर जमिनीची हालचाल, तापमानाचा फरक, केसिंगचं फुगणं-आकसणं झेपत नाही. सेट होताना ते किंचित आकसतं पण, आणि मग केसिंग आणि सिमेंटमध्ये केसाएवढी फट पडते, आम्ही तिला मायक्रो-ॲन्युलस म्हणतो. गॅसला तेवढी फट पुरते. आणि सिमेंटची फट स्वतःहून बुजत नाही. तुझ्या प्रोजेक्टचा सगळा जीव याच वाक्यात आहे, कारण मातीचं उलटं असतं, ती फाटली तरी पाणी मिळालं की परत फुगते आणि फट बंद करते. निदान करायला पाहिजे. ती करते की नाही हे तू बघितलंच नाहीस. दोन बारला टिकली म्हणून थांबलीस.

बेंटोनाइट म्हणजे काय हे नाशिकच्या माणसाला शिकवायची गरज नाही खरं तर. आपल्याकडच्या वायनरीत व्हाइट वाइन गढूळ होऊ नये म्हणून त्यातली प्रोटीन पकडून तळाला बसवायला हेच टाकतात. अर्थिंगच्या खड्ड्यात इलेक्ट्रिशियन पोत्याने ओततो ते हेच. पुलाच्या पाइलचं बोअर ढासळू नये म्हणून जे पांढरट चिखलाचं पाणी फिरवतात ते पण हेच. त्यातलं मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट, आणि आपल्या काळ्या मातीत जी फुगते-भेगाळते ती पण त्याच घराण्यातली मंडळी. आजोबांच्या शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत पहिल्या जोराच्या पावसानंतर भेग कुठे होती ते सापडत नाही, हे बघितलंयस ना? तेच सेल्फ-हीलिंग. आणि आपलं गंगापूर धरण मातीचं आहे, अशा धरणात मधे न झिरपणाऱ्या मातीचं हार्टिंग आणि बाहेरून मुरमाचं आवरण असतं, म्हणजे मातीने पाणी अडवणं ही काही परदेशातून आलेली आयडिया नाही. फक्त विहिरीसाठी सोडियम बेंटोनाइट लागतं, ते कॅल्शियमवाल्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं. आपल्याकडे माल येतो तो मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातल्या बाडमेरकडून.

तेलाच्या विहिरीत हे कोणी केलंय का, तर हो. शेव्हरॉनने साधारण २००० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या सॅन होआकिन खोऱ्यातल्या उथळ, कमी दाबाच्या जुन्या विहिरींमध्ये दाबून घट्ट केलेल्या बेंटोनाइटच्या गोळ्या वापरल्या, ऑस्ट्रेलियातल्या बॅरो आयलंडवर पण. ब्रायन टाउलर म्हणून प्रोफेसर आहेत, आधी वायोमिंगला आणि नंतर क्वीन्सलँड युनिव्हर्सिटीत, त्यांनी याच्यावर बरंच काम केलंय, विशेषतः कोल सीम गॅसच्या, म्हणजे कोळशाच्या थरातल्या गॅसच्या विहिरींसाठी. स्वीडनवाले तर अणुभट्टीचा कचरा तांब्याच्या डब्यात घालून भोवती बेंटोनाइटच लावायचं म्हणतात, आणि ते हिशोब लाखभर वर्षांचा करतात. तेव्हा गाइडने "माती कसली वापरतेस" म्हटलं तर हे सांग.

आता टेस्टकडे. तू नळाचं पाणी वापरलंस इथेच पहिली पाल चुकचुकली. बेंटोनाइट गोड्या पाण्यात हिरो असतं आणि खाऱ्या पाण्यात एक्स्ट्रा. तेलाच्या विहिरीत खाली खारं पाणी असतं, बऱ्याचदा त्यात कॅल्शियम पण भरपूर, आणि कॅल्शियम सोडियमला हटवून स्वतः जागा घेतं की फुगणं संपलंच समज. म्हणून प्लग करायच्या आधी साधी फुगण्याची टेस्ट कर : १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये पाणी, त्यात २ ग्रॅम बारीक वाळवलेलं बेंटोनाइट एकदम नाही, चिमूट चिमूट, ०.१ ग्रॅमच्या हिशोबाने, आधीची चिमूट बुडाली की दुसरी. मग २४ तासांनी थर किती मिलीचा झाला बघायचा. चांगलं सोडियम बेंटोनाइट असेल तर २४ मिलीच्या वर जातं. हीच टेस्ट चार पाण्यांत कर, डिस्टिल्ड, नळाचं, तुमच्या बोअरचं आणि ३.५ टक्के मीठ घातलेलं समुद्रासारखं. मिठाच्या सिलिंडरमध्ये थर निम्म्याच्याही खाली बसलेला दिसेल तेव्हा तुझ्या दोन बारचा अर्थ आपोआप कळेल. बोअरचं मुद्दाम सांगतोय कारण आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियमवालं, ते नळाच्या पाण्यासारखं वागणार नाही. मातीची कामं मेरीत (महाराष्ट्र इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट) आयुष्यभर केलेली रिटायर्ड मंडळी दिंडोरी रोडच्या बाजूला भरपूर राहतात, त्यातला एखादा गाठ, चिमूट कशी टाकायची हे तो तुला माझ्यापेक्षा चांगलं दाखवेल.

फील्डवर यावर उपाय असतो, गोळ्या टाकायच्या आधी तेवढ्या भागात गोड्या पाण्याची उशी ठेवायची, म्हणजे माती पहिलं पाणी गोडं पिते आणि फुगून बसते, नंतर खारं आलं तरी ते हळूहळू शिरतं. पण तो उपाय चालतो का हे पण टेस्टनेच ठरवायचं. दोन प्लग कर, एक सरळ मिठाच्या पाण्यात भिजवलेला, दुसरा आधी गोड्यात आणि मग महिनाभर मिठाच्या पाण्याखाली ठेवलेला. या दोघांतला फरक हाच तुझ्या रिपोर्टमधला सगळ्यात वाचनीय आलेख होईल, लिहून ठेव.

दुसरं, दोन दिवस भिजवलं म्हणजे भिजलं का? तू पावडर वापरलीस का गोळ्या ते लिहिलं नाहीस. पावडर असेल तर पिठल्यातली गुठळी आठव, बाहेरून मऊ आणि फोडली की आत कोरडं पीठ. बेंटोनाइट तसंच करतं, बाहेरचा थर फुगून स्वतःच आतल्याला पाणी पोचू देत नाही. पाणी शिरायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो, दुप्पट जाडीला दुप्पट नाही, चौपट वेळ. सुपारीएवढ्या गोळ्या पाण्यात टाकल्या की मधल्या फटीत आधीच पाणी असतं म्हणून त्या काही दिवसांत भिजतात, पण ३० सेंटिमीटरचा दाबलेला सलग गट्टू दोन्ही टोकांनी भिजायला महिने घेईल. म्हणून दर वेळी एक जुळा प्लग कर, टेस्टच्या दिवशी त्याचा पाइप ग्राइंडरने उभा चिरून उघड, दर ३ सेंटिमीटरला चकती कापून ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वाळवून पाण्याचं प्रमाण काढ. सिव्हिलवाल्यांना हे पाठ असतं. मधल्या चकतीत पाणी कमी निघालं तर तुझा प्लग अर्धाच तयार होता आणि तू कच्च्या भाकरीची परीक्षा घेत होतीस. कोरडी घनता पण नोंदव, सगळं फुगणं तिच्यावर ठरतं. १.६ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरपर्यंत दाबलेलं चांगलं सोडियम बेंटोनाइट गोड्या पाण्यात कोंडलं तर ५० बारच्या वर पण ढकलतं, आणि नुसत्या ओतलेल्या गोळ्यांची घनता १.२ च्या आसपास पडते, तिथे हा जोर बराच खाली येतो.

तिसरं, दाब वरून का दिलास? विहिरीत शत्रू खाली असतो. वरून दाबलं तर प्लग खालच्या आधारावर बसतो आणि आणखी घट्ट होतो, ती परीक्षा नाही, लाड झाले. खालून दे, आणि वर प्लगला कसलाही टेकू ठेवू नको.

आता आमची फजिती सांगतो. अंबडच्या शॉपमध्ये आम्ही भंगारातला ७ इंची केसिंगचा दोन मीटर तुकडा घेतला, खाली ब्लाइंड फ्लँज म्हणजे बोल्टने आवळायचं बंद झाकण, त्याला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि गेज, वर उघडं. आत खाली थोडी खडी, वर बेंटोनाइटच्या गोळ्या, आठवडाभर पाण्यात. मग फायर-फायटिंगची लाइन टेस्ट करतात तो हातातला हायड्रोटेस्ट पंप लावला आणि खालून प्रेशर चढवलं. चढलं, आणि लगेच उतरायला लागलं. भराभर नाही, सावकाश, पण थांबायचं नाव नाही. मित्र म्हणाला लीक आहे. साबणाचं पाणी लावलं, टेफ्लॉन टेप बदलला, गॅस्केट बदललं, दोन संध्याकाळी त्यात गेल्या, मित्राच्या बायकोचा फोन येऊन गेला की केसिंगमध्येच राहायला जा. शेवटी मला वाटलं की अरे, लीक कसला, माती पाणी पितेय! सिमेंटच्या बुचाखाली पाणी कोंडलं की ते तसंच राहतं, पण बेंटोनाइट स्वतःच पाणी ओढतं, म्हणून गेज उतरतो.

छान वाटलं एकदम. आणि इथेच थांबायला पाहिजे, कारण टेस्टमध्ये सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे पटणारं कारण. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात मॅकोंडो विहीर फुटली, डीपवॉटर होरायझन रिगवर ११ माणसं गेली. त्या दिवशी त्यांनी निगेटिव्ह प्रेशर टेस्ट केली होती. म्हणजे वरचं वजन कमी करून बघायचं खालून काही येतंय का. ड्रिल पाइपवर १४०० पीएसआय दिसत होतं आणि शेजारच्या किल लाइनमधून, म्हणजे विहिरीला जोडलेल्या दुसऱ्या बारीक नळीतून, काहीच वाहत नव्हतं. दोन्ही एकाच विहिरीला जोडलेले, दोघांचं जमत नव्हतं. तर कोणीतरी कारण शोधलं, त्याला "ब्लॅडर इफेक्ट" म्हटलं, सगळ्यांना पटलं आणि टेस्ट पास धरली. नंतर काय झालं ते जगाने टीव्हीवर बघितलं. माझं "माती पाणी पितेय" हे पण तसंच गोड कारण होतं, कदाचित खरं, पण सिद्ध केलेलं नाही.

मग आम्ही काय केलं, प्लगच्या जागी जाड स्टीलची चकती वेल्ड करून तोच सेटअप रात्रभर प्रेशरवर ठेवला. म्हणजे आमच्या सेटअपचा स्वतःचा लीक किती ते कळलं, थोडा होताच, व्हॉल्व्हच्या दांड्याशी. तो काढून टाकला. मग प्लगच्या वरच्या बाजूला झाकण लावून त्यातून बारीक पारदर्शक नळी उभ्या पट्टीवर बसवली आणि शाईचा थेंब सोडला. खालून जेवढं पाणी पंप करतोय ते, आणि वर जेवढं सरकतंय ते, दोन्ही मोजायचं. खाली जास्त जातंय आणि वर कमी येतंय तर माती पितेय. काही दिवसांनी दोन्ही सारखं झालं की माती भरली, आता जे वाहतंय ते खरं गळणं. मग त्यावरून पर्मिअॅबिलिटी, म्हणजे मातीतून पाणी किती सहज झिरपतं ते, काढ. नीट भरलेल्या घट्ट बेंटोनाइटची एवढी कमी येते की त्या नळीतला थेंब दिवसात हललाय का नाही याच्यावर वाद घालावा लागतो. आमच्याकडे रात्री शॉप गार पडायचं तेव्हा थेंब मागे जायचा, ते तापमानामुळे. म्हणून दर रीडिंगला तापमान लिहायचं, विसरू नको.

आता तुझे आकडे घेऊ. प्लग सरकायला लागतो तेव्हा खालचा दाब गुणिले क्षेत्रफळ हे भिंतीच्या पकडीएवढं होतं. सोडवलं की दाब बरोबर ४ गुणिले पकड गुणिले लांबी भागिले व्यास. तुझा २ बार म्हणजे २०० किलोपास्कल, लांबी ०.३ मीटर, व्यास ०.१ मीटर, तर प्लगला खाली आधार नव्हता असं धरलं तरच भिंतीची पकड निदान १६.७ किलोपास्कल निघते. हीच पकड धरून ७ इंची केसिंगमध्ये, ज्याचा आतला व्यास साधारण १५७ मिलिमीटर, १० मीटरचा प्लग केला तर तो ४२ बारच्या आसपास धरायला पाहिजे. मालाचा हिशोब पण बघ, ते ०.१९ घनमीटर झालं, १.२ घनतेने २३० किलो, म्हणजे ५० किलोची पावणेपाच पोती. एका वर्कओव्हर रिगच्या, म्हणजे विहीर दुरुस्तीच्या यंत्राच्या, एका दिवसाच्या भाड्यापुढे हे काहीच नाही, आणि गोळ्या नुसत्या वरून टाकायच्या असतील तर रिग पण लागत नाही. कंपन्यांना माती आवडते ती यामुळे, पर्यावरणाचं नंतर आठवतं.

४२ बार पुरे का? विहिरीत वर पाणी भरलेलं असेल तर प्लगच्या दोन्ही बाजूंचा दाब बराचसा जुळतो, फरक पडतो तो खाली गॅस साचला की. प्लगखाली २०० मीटर पाण्याच्या जागी गॅस येऊन बसला आणि गॅसचं वजन सोडून दिलं, तर दर १० मीटरला एक बार धरून २० बारचा धक्का खालून येईल. म्हणजे कागदावर तू पास आहेस, दुप्पट. पण हे गणित सरळ रेषेत वाढतं असं मी धरलंय, आणि खरं म्हणजे लांब प्लगमध्ये पकड सगळीकडे सारखी नसते, खालचा भाग आधी ताण घेतो. म्हणून ३०, ६०, १०० सेंटिमीटरचे तीन प्लग कर आणि तिन्ही फुटेपर्यंत ने. तुझे २ बार हे फुटण्याचे नाहीत, न फुटण्याचे आहेत, त्याच्यावर १० मीटरची उडी मारायची नाही. आणि पाइप नवा गुळगुळीत वापरलास ना? एक गंजलेला घे, एकाच्या आत जुनं इंजिन ऑइल पुसून घे. विहिरीचं केसिंग आतून वीस वर्षांच्या कढईसारखं असतं, तेल, मेण, गंज, पापुद्रे. तेलकट भिंतीवर पकड किती पडते हे बघितल्याशिवाय पास-नापास बोलू नको.

आता फोडायची टेस्ट. प्रेशर टप्प्याटप्प्याने वाढवायचं, प्रत्येक टप्प्यावर थांबायचं, घाई केली की जास्तीचा आकडा येतो आणि आपण खूश होतो. एका टप्प्यावर प्लग सरकेल किंवा कडेने पाणी वाट काढेल. ते प्रेशर लिही. मग सगळं सोडून दे, पाणी वर-खाली तसंच ठेव, २४ तासांनी परत तीच टेस्ट. मग आठवड्याने परत. सिमेंटचा प्लग इथे हरतो, एकदा सुटला की तो स्वतःहून सावरत नाही. मातीचा दुसरा आकडा पहिल्याच्या किती टक्के आला, आणि आठवड्याने तो किती सावरला, हे आलं की तुझ्या प्रोजेक्टला उत्तर आलं. आमच्या त्या ७ इंचीमध्ये पहिल्यांदा कडेने बुडबुडे येऊन फुस्स झालं तेव्हा मित्र म्हणाला गेलं तुझं सील. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने स्वतः पंप मारला आणि आधीच्या आकड्याजवळ गेज गेलेला बघून पाच मिनिटं काही बोलला नाही, जे त्याच्यासाठी रेकॉर्ड आहे.

बुडबुडे म्हणालो कारण आम्ही शेवटी नायट्रोजन वापरला. पाण्याला जे जमत नाही ते गॅसला जमतं, तो भिजलेल्या मातीत स्वतःची वाट फाकवून जातो, म्हणून गॅसची टेस्ट वेगळी करावीच लागते. पण ही कॉलेजच्या लॅबमध्ये एकटीने करू नको, दम देऊन सांगतोय. पाणी दाबलं जात नाही म्हणून पाइप फुटला तर पाणी उडून अंग भिजतं, गॅस दाबला जातो, त्यात ताकद साठते आणि पाइप फुटला तर तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे येतात. पारदर्शक ॲक्रिलिक पाइपमध्ये गॅस अजिबात नाही, कितीही छान फोटो येत असले तरी. स्टीलचा पाइप, आधी दीडपट दाबाने पाण्याची टेस्ट, सेफ्टी व्हॉल्व्ह, खाली गॅसची जागा खडी-पाण्याने भरून अगदी कमी ठेवायची, वरच्या तोंडासमोर कोणी उभं राहायचं नाही कारण प्लग सुटला तर तोफच आहे ती.

अजून एक टेस्ट लोक विसरतात, ती म्हणजे पडायची. प्लग लॅबमध्ये हाताने रचलेला असतो, विहिरीत गोळ्या शेकडो मीटर पाण्यातून खाली जायला लागतात. घाईने ओतल्या तर मधेच एकमेकींत अडकून कमान होते, त्याला ब्रिजिंग म्हणतात, आणि खाली पोकळी राहते. वरून बघणाऱ्याला वाटतं भरलं. गोळ्यांबरोबर बारीक भुकटी असली की हे हमखास होतं, म्हणून चाळून घ्यायच्या आणि एक पोतं ओतायला पाच-सात मिनिटं लावायची. पाण्यात पडताना गोळी किती वेळात लिबलिबित होते हे पण बघ, उंच पारदर्शक नळीत टाकून मोबाइलवर व्हिडिओ कर, इथे ॲक्रिलिक चालेल. फील्डवर पडताळा सोपा असतो, किती पोती गेली आणि थर किती वर यायला पाहिजे याचा हिशोब आणि वायरलाइनला, म्हणजे बारीक तारेला, वजन बांधून खाली सोडून प्रत्यक्ष माथा कुठे लागतो ते, याला टॅग करणं म्हणतात. हिशोबापेक्षा माथा वर लागला तर आनंद नाही, खाली कमान आहे. आणि टॅगच्या बाबतीत सिमेंटचा नियम मातीला लावायचा नाही हं, सिमेंटच्या बुचावर पाइपचं काही टन वजन टेकवून बघतात, मातीवर तेच केलं तर पाइप लोण्यात सुरीसारखा जाईल आणि मग म्हणतील फेल. ती फेल नाहीये, परीक्षा चुकीच्या विषयाची आहे. मातीसाठी खरी फील्ड टेस्ट म्हणजे वरचं पाणी उपसून कमी करायचं आणि खालून काही येतंय का हे तासन् तास, शक्य तर दिवस दिवस बघत बसायचं.

कुठे वापरू नये ते पण लिही, नाहीतर परीक्षक तेच विचारतील. खोल, तापलेल्या, जास्त दाबाच्या गॅस विहिरीत मुख्य अडथळा म्हणून मी तरी माती टाकणार नाही. जास्त तापमानात आणि पोटॅशियम असेल तर हे खनिज हळूहळू न फुगणाऱ्या जातीत बदलत जातं. खूप तिरप्या विहिरीत गोळ्या पडतच नाहीत. जाड मड भरलेल्या विहिरीत पण नाही. उथळ, थकलेली, पाण्याने भरलेली जुनी विहीर ही मातीची जागा. आणि भारतात ऑइल माइन्स रेग्युलेशन्स २०१७ आणि डीजीएमएस (खाण सुरक्षेचं सरकारी खातं) आहे, उद्या सापुतारा उतरून, सुरत ओलांडून अंकलेश्वरला जाऊन कोणाच्या विहिरीत पोती ओतता येणार नाहीत. तिथे १९६० मध्ये तेल सापडलं, म्हाताऱ्या विहिरी आहेतच. गंमत म्हणजे आपण ज्या काळ्या दगडावर घर बांधतो तोच दगड तिकडे त्या तेलाच्या थरांच्या तळाशी पसरलेला आहे, आपण वरच्या मजल्यावर राहतो एवढंच.

राहिलं नाशिकला काय उपयोग. अगं, द्राक्षवाल्यांच्या पट्ट्यात फिर जरा, पिंपळगावपासून दिंडोरीपर्यंत, एका एका बागेत तीन-चार कोरड्या पडलेल्या बोअर सापडतील, साडेसहा इंची, तोंडावर फरशीचा तुकडा किंवा फाटकी गोणी. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय की सोडलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती-वाळू-खडीने भरा, ते मुलं पडतात म्हणून. पण नुसती खडी भरली तर वरचं फवारणीचं आणि संडासाच्या खड्ड्याचं पाणी त्याच नळीने आरामात खालच्या थरात जातं. खडीच्या मधे दोन-तीन ठिकाणी, जिथे सलग न फुटलेला दगड आहे तिथे, बेंटोनाइटचे दोन मीटरचे टप्पे दिले तर ती वाट बंद होते. आणि इथे परिस्थिती तेलाच्या विहिरीपेक्षा सोपी आहे, पाणी गोडं, दाब नगण्य, भिंत खडबडीत दगडाची म्हणजे पकड लोखंडापेक्षा चांगली.

एकच घोटाळा आहे, उन्हाळा. बोअरची पातळी मे महिन्यात जिथपर्यंत उतरते त्याच्या वर टाकलेलं बेंटोनाइट वाळणार, आकसणार, आणि काळ्या रानासारखं भेगाळणार. पावसाळ्यात परत बुजेल, पण पहिला पाऊस, ज्याच्यात सगळी घाण वाहून येते, तो भेगेतून खाली गेलेला असेल. म्हणून अजून एक टेस्ट जोड : तयार प्लग वरून उघडा ठेवून महिनाभर वाळू दे, मग वरून पाणी सोड आणि सील व्हायला किती तास लागतात आणि तोवर किती लिटर खाली गेलं ते मोज. हे कोणी नाशिकच्या हवेत, आपल्या बोअरच्या पाण्याने केलेलं माझ्या बघण्यात नाही, तू केलंस तर ते खरंच तुझं स्वतःचं काम असेल.

आमचा ७ इंची तुकडा अजून शॉपच्या मागे उभा आहे, ब्लाइंड फ्लँज, गेज सगळं लावलेलं, फक्त नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नवीन आणावा लागेल. रविवार सोडून कधीही ये, गाइडना पण घेऊन ये. येताना बोअरचं पाणी २० लिटरच्या दोन कॅनमध्ये आण आणि पोत्यावरचं लेबल फाडू नको, सोडियम का कॅल्शियम ते आधी बघू.